सूर्यबिंबावरचा ठिपका : अधिक्रमणाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील आकाशदर्शनाच्या टिपणात ओझरता उल्लेख आला होता की १३ नोव्हेंबर २०३२ रोजी होणारे बुधाचे अधिक्रमण नाशिकमधून आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येईल. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. एखादा ग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मध्ये येतो आणि सूर्याच्या तेजस्वी बिंबावरून काळ्या ठिपक्याच्या रूपात सरकताना दिसतो, त्याला अधिक्रमण म्हणतात. राशिभविष्यात ‘गोचर’ किंवा ‘ग्रहाचे भ्रमण’ म्हणून जे छापून येते त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे आणि भाषांतर करणारा बहुधा घाईत असतो, म्हणून वर्तमानपत्रांत हा घोटाळा अधूनमधून होत राहतो.

प्रश्न : ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण मी आमच्या वाड्याच्या अंगणात, दुर्बिणीतून कागदावर पाडलेल्या प्रतिमेत पाहिले होते. २०१२ च्या वेळी सकाळपासून ढग होते, त्यामुळे ते हुकले. आता नात चौथीत आहे आणि ‘मला कधी दाखवणार?’ म्हणून विचारते. शुक्राचे पुढचे अधिक्रमण केव्हा आहे? (एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी)

शुक्राचे म्हणाल तर उत्तर निराशाजनक आहे. शुक्राची अधिक्रमणे जोडीने येतात. जोडीतल्या दोहोंत ८ वर्षांचे अंतर असते आणि एक जोडी संपली की पुढच्या जोडीसाठी आळीपाळीने सुमारे १०५.५ किंवा १२१.५ वर्षे थांबावे लागते. २००४ आणि २०१२ ही आपल्या वाट्याला आलेली जोडी होती. पुढची अधिक्रमणे डिसेंबर २११७ आणि डिसेंबर २१२५ मध्ये आहेत. २००४ चे अधिक्रमण भारतातून पूर्ण दिसले. ते सकाळी पावणेअकराच्या सुमारास सुरू झाले आणि सायंकाळी पाचला काही मिनिटे असताना संपले. ज्यांनी ते नीट पाहिले त्यांनी आयुष्यातला मोठा वाटा पदरात पाडून घेतला, असेच समजावे. २०१२ मध्ये मात्र सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका अंगावर घेऊन, आणि सकाळी साधारण दहा-वीसला सारे आटोपले. जूनचा पहिला आठवडा हा आपल्याकडे वळिवाचा आणि मान्सूनच्या चाहुलीचा काळ असतो, त्यामुळे तुमच्यासारखे हुकलेले वाचक पुष्कळ आहेत.

नातीला दाखवायचे ते बुधाचे. बुधाची अधिक्रमणे शतकात १३-१४ वेळा होतात, पण त्यातली सगळीच आपल्या दिवसा होत नाहीत. ११ नोव्हेंबर २०१९ चे अधिक्रमण आपल्याकडे सूर्य मावळल्यावर सुरू झाले. २०३२ चे मात्र अगदी भर दुपारी आहे आणि तोवर नात माध्यमिक शाळेत असेल. त्यानंतरचे ७ नोव्हेंबर २०३९ चे अधिक्रमणही आपल्याकडे दुपारीच आहे.

प्रश्न : सिंहस्थात गुरू सिंह राशीत येतो हे आम्हा त्र्यंबकच्या लोकांना पाठ आहे. मग गुरू फिरत फिरत सूर्यासमोरून का जात नाही? आणि शुक्र दर दीड वर्षाने आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येत असेल, तर त्याचे अधिक्रमण शतकातून एकदा का? (त्र्यंबकेश्वर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गुरूची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या बाहेर आहे. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला बारा वर्षांना थोडी कमी लागतात, म्हणून सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. पण या संपूर्ण फेरीत तो आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येऊच शकत नाही. आला तर सूर्याच्या मागे जातो. पृथ्वीवरून अधिक्रमण दिसते ते आतल्या दोन ग्रहांचेच, म्हणजे बुधाचे आणि शुक्राचे. गुरूवर उभे राहून पाहणारा कोणी असता, तर त्याला आपल्या पृथ्वीचे अधिक्रमण दिसले असते.

दुसऱ्या प्रश्नातले तुमचे गणित बरोबर आहे. शुक्र दर ५८४ दिवसांनी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला येतो आणि बुध तर दर ११६ दिवसांनी. पण या ग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत नाहीत. शुक्राची कक्षा ३.४ अंशांनी कललेली आहे आणि बुधाची ७ अंशांनी. सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे हे ग्रह बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतात. एका परातीत दुसरी परात थोडी तिरकी ठेवली, तर त्यांच्या पातळ्या एकाच सरळ रेषेत एकमेकींना छेदतात. ती रेषा कक्षेला ज्या दोन ठिकाणी मिळते त्यांना पात म्हणतात. पंचांग पाहणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही, कारण राहू आणि केतू म्हणजे चंद्राच्या कक्षेचे पातच होत. ग्रहण लागायला चंद्र राहू-केतूपाशी असावा लागतो, तसेच अधिक्रमण व्हायला ग्रह आपल्या पातापाशी असावा लागतो आणि नेमकी त्याच वेळी पृथ्वीही त्या रेषेवर असावी लागते. पृथ्वी बुधाच्या पातरेषेवर मेच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते आणि शुक्राच्या पातरेषेवर जून आणि डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणूनच बुधाचे अधिक्रमण मार्चमध्ये किंवा ऑगस्टमध्ये झाल्याचे तुम्ही कधी ऐकले नसेल.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. नोव्हेंबरात ऑक्टोबर छाटणीनंतरची फूट असते आणि तेव्हा उन्हाला फार महत्त्व असते. चार-साडेचार तास ग्रह सूर्याच्या आड आला तर ऊन कमी पडेल का? घरातल्या मोठ्या माणसांनी वेध-सूतक पाळायचे का, असेही विचारले आहे. (निफाड तालुका)

उन्हाला काही होणार नाही. त्या दिवशी बुधाच्या ठिपक्याचा व्यास सूर्यबिंबाच्या व्यासाच्या सुमारे १९४ व्या भागाइतका असेल. म्हणजे झाकले जाणारे क्षेत्रफळ साडेसदतीस हजारातला एक भाग. विरळसा ढगाचा पदर बागेवरून गेला तरी याच्या कितीतरी पट ऊन अडते. सूतकाचे म्हणाल तर ग्रहणाची परंपरा उघड्या डोळ्यांना जाणवणाऱ्या घटनेभोवती उभी राहिली. बुधाचे अधिक्रमण दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी कोणाला दिसलेलेच नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांना रामकुंडावर स्नानाला जायचे असेल तर जरूर जावे, पण त्यासाठी या घटनेचे निमित्त नको.

प्रश्न : हे सगळे पाहून शास्त्रज्ञांना काय मिळाले? निव्वळ हौस की काही उपयोग? (देवळाली)

उपयोग इतका मोठा होता की अठराव्या शतकात त्यासाठी जगभर जहाजे रवाना झाली. ग्रहांची परस्परांतील अंतरे केप्लरच्या नियमांमुळे प्रमाणात माहीत होती, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराला एक मानले तर शुक्र किती आणि गुरू किती हे सांगता येत होते. पण त्या ‘एका’चे किलोमीटर किती, हे कळत नव्हते. पृथ्वीवरच्या एकमेकांपासून खूप दूर असलेल्या दोन ठिकाणांहून शुक्राचे अधिक्रमण पाहिले तर त्याच्या वाटेत आणि वेळांत किंचित फरक पडतो. या फरकावरून, म्हणजे लंबनावरून, सूर्याचे अंतर काढता येईल, हे एडमंड हॅली यांनी १७१६ मध्ये मांडले. त्यांच्या हयातीत मात्र शुक्राचे अधिक्रमण होणार नव्हते. १७६१ आणि १७६९ च्या निरीक्षणांतून ते अंतर १५ कोटी किलोमीटरच्या आसपास आहे हे कळले, आणि आजचा आकडाही १४ कोटी ९६ लाखांचा आहे.

या खटाटोपात ज्याच्या नशिबाने सर्वांत वाईट थट्टा केली तो फ्रेंच ज्योतिर्विद ल जांती. १७६१ च्या अधिक्रमणासाठी तो पुदुच्चेरीला निघाला, पण तो पोहोचण्याआधीच ते ठाणे इंग्रजांनी घेतले होते. जहाज मागे फिरले आणि शुक्र सूर्यावरून गेला तेव्हा हा गृहस्थ हलत्या डेकवर होता, जिथे अचूक वेळ मोजणे शक्यच नव्हते. त्याने घरी परतण्याऐवजी आठ वर्षे या बाजूलाच काढली. १७६९ मध्ये तो पुदुच्चेरीत सगळी तयारी करून बसला, आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. १७७१ मध्ये तो फ्रान्सला पोहोचला तेव्हा तो मेला असे समजून नातलग त्याच्या मालमत्तेच्या मागे लागले होते. २०१२ साली ढगांमुळे हळहळलेल्या वाचकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

आपल्या बाजूची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. दुर्बिणीतून बुधाचे अधिक्रमण पहिल्यांदा पाहिले ते १६३१ मध्ये, पॅरिसहून, पिएर गॅसेंडी यांनी. त्यानंतर वीस वर्षांनी, १६५१ मध्ये, जेरेमाया शेकर्ली या तरुण इंग्रजाने बुधाचे अधिक्रमण टिपले ते आपल्या शेजारच्या सुरतेहून. इंग्लंडमधून ते दिसणार नाही हे त्याने गणिताने काढले होते. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी १६६४ ची. तिच्या तेरा वर्षे आधी, सापुताऱ्याचा घाट उतरून गेले की लागणाऱ्या या बंदरात कोणीतरी सूर्याकडे दुर्बीण रोखून बसले होते, ही कल्पनाच मला फार आवडते. पुढे १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली आणि ती एकाहून अधिक भारतीय भाषांत निघाली.

बुधाच्या अधिक्रमणांचाही वाटा आहे. त्यांच्या वेळांच्या जुन्या नोंदी तपासताना फ्रेंच ज्योतिर्विद लव्हेरिए यांना एकोणिसाव्या शतकात आढळले की बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरते आहे. हा फरक शतकाला ४३ विकलांचा आहे (एका अंशाच्या ३,६०० व्या भागाला विकला म्हणतात). त्याचा उलगडा १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने झाला. आज दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्याची सर्वांत फलदायी रीतही हीच आहे. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश किंचित घटतो, आणि ती घट मोजून केप्लर या अवकाश दुर्बिणीने अडीच हजारांहून अधिक ग्रह शोधले.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या काचा आहेत. त्यातून बुध दिसेल का? (एक फॅब्रिकेटर, सातपूर)

सूर्य पाहण्यासाठी १४ नंबरची काच लागते. कामाच्या मास्कमध्ये बहुधा १० किंवा ११ नंबरची काच असते, आणि ती ठिणगीसाठी पुरेशी असली तरी सूर्यासाठी पुरेशी नाही. म्हणून काचेच्या कोपऱ्यावरचा नंबर वाचल्याशिवाय ती डोळ्यांपुढे धरू नये. एक्स-रेची फिल्म, धुरकटवलेली काच, गॉगल, सीडी या गोष्टी तर अजिबात वापरू नयेत. त्यांतून सूर्य सौम्य दिसतो, पण दृष्टिपटल भाजणारे किरण आत येत राहू शकतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना समजत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पण समजा तुमच्याकडे १४ नंबरची काच आहे. तरीही तिच्यातून बुध दिसणार नाही. निरोगी डोळ्याला साधारण ६० विकलांपेक्षा बारीक तपशील वेगळा काढता येत नाही. २००४ मध्ये शुक्राचा ठिपका ५८ विकलांचा, म्हणजे अगदी सीमेवरचा होता, म्हणून नुसत्या सौर चष्म्यातूनही कित्येकांना तो दिसला. बुध २०३२ मध्ये १० विकलांचा असेल. येथे मोठे करून पाहण्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच या अधिक्रमणात धोकाही मोठा आहे, कारण दुर्बीण सूर्यप्रकाशही मोठा करते. ग्रहणासाठी विकत घेतलेला चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावणे, ही सर्वांत घातक चूक आहे. नेत्रिकेजवळ, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाजवळ, एकवटलेल्या प्रकाशापुढे तो चष्मा टिकत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ६० मिलिमीटरची साधी भिंगाची दुर्बीण आहे. ती वापरून मुलांना सुरक्षितपणे कसे दाखवावे? (गंगापूर रोड)

तुमच्याकडे जे आहे ते पुरेसे आहे. मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगाच्या पुढे घट्ट बसणारी सौर फिल्टरची टोपी घालणे. जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसवायची काळी काच मिळत असे. ती उन्हाच्या तापाने तडकू शकते, म्हणून ती सापडली तर सरळ कचऱ्यात टाकावी. दुसरा मार्ग म्हणजे प्रक्षेपण. शंभर मुलांसाठी मला हाच मार्ग जास्त योग्य वाटतो, कारण त्यात कोणीही दुर्बिणीला डोळा लावत नाही आणि सगळे एकदम पाहतात.

प्रक्षेपणासाठी दुर्बीण सूर्याकडे रोखावी, पण रोखताना तिच्यातून पाहू नये. नळीची सावली जमिनीवर पाहत राहावे. ती लहान होत होत गोल झाली की दुर्बीण सूर्याच्या रोखाने आहे असे समजावे. नेत्रिकेच्या मागे अर्ध्या-पाऊण मीटरवर पांढरा ड्रॉइंग पेपर लावलेला पुठ्ठा धरावा आणि बिंबाची कड रेघेसारखी स्वच्छ होईपर्यंत फोकस फिरवावा. कागदावर दुर्बिणीची सावली पडावी म्हणून नळीला एक मोठा पुठ्ठा मध्ये भोक पाडून अडकवला की प्रतिमा कितीतरी गडद दिसते. नेत्रिका शक्यतो साधी, चिकटवलेल्या भिंगांशिवायची घ्यावी, कारण उष्णतेने चिकटवण खराब होते. दर काही मिनिटांनी दुर्बीण सूर्यावरून हलवून तिला विश्रांती द्यावी.

मोठ्या दुर्बिणीच्या अंगावर रोख धरण्यासाठी जी छोटी शोधक दुर्बीण असते, तिला टोपी घालायला विसरू नका. ९ मे २०१६ च्या बुधाच्या अधिक्रमणाला मी गच्चीवर हा सगळा थाट मांडला होता आणि एवढी एकच गोष्ट विसरलो. मुलांना कागद दाखवताना शर्टाच्या बाहीतून जळका वास आला. बाहीला मटकीएवढे भोक पडले होते. ती बाही होती, डोळा नव्हता, एवढेच नशीब. त्या दिवशी पावणेपाचच्या सुमारास कडेला बारीक खाच दिसू लागली आणि सूर्य मावळेपर्यंत ठिपका बिंबावर होता. कागदावरचे बिंब साधारण १५ सेंटिमीटरचे होते आणि बुध खसखशीच्या दाण्याएवढा दिसत होता. मेमध्ये बुध आपल्याला थोडा जवळ असतो; २०३२ मध्ये नोव्हेंबर असल्यामुळे तो त्याहून लहान, पाऊण मिलिमीटरचा दिसेल. म्हणून बिंब शक्य तितके मोठे पाडावे.

एवढ्या बारीक ठिपक्याची ओळख पटवणे हे खरे काम आहे. कागद थोडा हलवून पाहावा. ठिपका कागदाबरोबर हलला तर तो कागदावरचा डाग आहे. नेत्रिका फिरवावी, ठिपका तिच्याबरोबर फिरला तर ती भिंगावरची धूळ आहे. दोन्हीत तो जागचा हलला नाही, तर तो सूर्यावरचा. तिथेही सौरडाग असू शकतात, पण सौरडागाभोवती करडी झालर असते आणि त्याचा आकार ओबडधोबड असतो. बुध मात्र काळाकुट्ट आणि कंपासने काढल्यासारखा गोल असतो. दर पंधरा मिनिटांनी पेन्सिलीने बिंबाच्या वर्तुळावर त्याची जागा टिपत गेलात तर तासाभरात शंका उरत नाही, कारण सौरडाग तेवढ्यात दिसण्याजोगा सरकत नाही.

पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून किंवा आरशावर छिद्राचा कागद लावून भिंतीवर सूर्य पाडण्याची युक्ती ग्रहणाला छान चालते, पण येथे ती उपयोगाची नाही. २० मीटरवर पाडलेले बिंब सुमारे १८ सेंटिमीटरचे होते आणि त्यात बुध एका मिलिमीटरहूनही लहान असतो. छिद्र पाच मिलिमीटरचे असेल तर प्रतिमेची कडच पाच मिलिमीटरने पसरते. छिद्र लहान केले तर प्रतिमा इतकी फिकट होते की काही दिसत नाही.

प्रश्न : त्या दिवशी नाशिकमध्ये कोठून आणि किती वाजता पाहावे? (इंदिरानगर)

वार शनिवार आहे आणि दिवाळी होऊन गेलेली असेल. बुध सूर्यबिंबाला दुपारी १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास स्पर्श करील, २ वाजून २४ मिनिटांच्या आसपास अर्धी वाट संपेल आणि ४ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास तो बिंबाबाहेर पडेल. एखाद्या मिनिटाचा फरक धरून चालावे आणि पंधरा मिनिटे आधी दुर्बीण लावून तयार राहावे. आरंभी सूर्य जवळजवळ मध्यान्हीला असतो, त्यामुळे गच्ची, मैदान, अंगण काहीही चालेल. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले तर बुध आकाशात सूर्याच्या डाव्या कडेने आत येतो, मात्र कागदावरच्या प्रतिमेत दिशा उलटसुलट होतात.

आत शिरताना आणि बाहेर पडताना एक-दीड मिनिट डोळ्यांत तेल घालून पाहावे. ठिपका कडेपासून सुटताना क्षणभर थेंबासारखा लांबुडका होऊन कडेला चिकटल्यासारखा वाटू शकतो. हवेची थरथर, दुर्बिणीची मर्यादा आणि सूर्याच्या कडेकडचा मंद प्रकाश मिळून हा भास होतो. शुक्राच्या वेळी यानेच अठराव्या शतकातल्या निरीक्षकांच्या नोंदींत सेकंदांचे घोळ घातले.

अडचण येईल ती शेवटी. ४ वाजून ३७ मिनिटांनी सूर्य नैर्ऋत्येच्या थोडा पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे १६ अंशांवर उतरलेला असेल. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे दीड मूठ. इंदिरानगरात त्या बाजूला चार मजल्यांची इमारत समोर असेल, तर शेवटचा अर्धा तास ती खाऊन टाकील. म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी साडेचारला ठरवलेल्या जागी जाऊन सूर्य दिसतो का हे एकदा पाहून यावे. एका दिवसात त्याची जागा डोळ्यांना जाणवण्याइतकी बदलत नाही.